पहिल्या चाचणीची यादी

“यातले अक्षरं लय बारीक झाले बाप्पा, जरा मोठे करून दे,” असं म्हणत सोमाजीभाऊंनी आपला मोबाइल चहाच्या टेबलावरून आदेशकडे सरकवला, आणि आदेशने काही विचार न करता दोन बोटांनी तो पांढरा पडदा ताणला. अक्षरं मोठी झाली. मग त्याने ती वाचली. वाचून झाल्यावर आपली बोटं अजून काचेवरच आहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि ती उचलली तर काय होईल कोण जाणे, असं काहीतरी खुळचट मनात येऊन तो तसाच बसून राहिला. पांढऱ्या पानावर निळ्या अक्षरांत, एकाखाली एक, फायलींची नावं होती. कुरखेडा एक, कुरखेडा दोन, आरमोरी, धानोरा, सावली. प्रत्येकीपुढे तारीख. वर ठळक अक्षरांत फोल्डरचं नाव. चित्र नाही, रंग नाही, कुठल्या संस्थेचं चिन्ह नाही. असं उघडंबोडकं पान कोणी मुद्दाम बनवत नाही. ज्या फोल्डरला दर्शनी पान नसतं आणि ज्याच्या सेटिंगमध्ये कोणी मनाई लिहिलेली नसते, तिथे कोणी आलं की सर्व्हर बिचारा आत काय काय आहे ते सगळं वाचून दाखवतो. विचारणारा कोण, कशाला विचारतो, हे तो बघत नाही. त्या फायलींना ती नावं आदेशने दिली होती. गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, तर्री-पोह्यांच्या वासात, आपल्याच हातचं काम तो दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये पाहत होता.

सोमाजीभाऊ सावलीचे. वय सत्तरीच्या पुढे, आणि काम म्हणाल तर लोकांच्या सोयरिकी जुळवणं. त्याला धंदा म्हटलेलं त्यांना खपत नसे, ते समाजकार्य म्हणत. धान कापून खळ्यावर आलं की त्यांचे पाय घरात ठरत नसत. वैनगंगेच्या या तीरची पोरगी त्या तीरी, त्या तीरची या तीरी, असं त्यांचं उन्हाळ्यापर्यंत चाले. आदेशचं लग्नही त्यांनीच जमवलं होतं, तीन वर्षांपूर्वी, सावलीच्या सरिताशी. सरिताला त्याने पहिल्यांदा पाहिलं ते भाऊंच्या शेजारी बसून, आणि तिच्याशी पहिलं वाक्य बोलला तेही भाऊंनी कोपराने ढोसल्यावर. आणि आदेश उंदीरवाडे स्वतः कोण, तर जंगलभागात गावोगाव सिकलसेलची तपासणी करणाऱ्या एका मंडळाच्या दवाखान्यात संगणक आणि सर्व्हर सांभाळणारा छत्तीस वर्षांचा माणूस. वैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या या दोन जिल्ह्यांत सिकलसेल हा शब्द लहान लेकरांनाही ठाऊक असतो. रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. दोष एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक होतो, जन्मभर धडधाकट हिंडतो. पण दोघं वाहक एकत्र आले तर लेकरू आजारी निघू शकतं, सांधे ठणकून रात्रंदिवस कण्हणारं. म्हणून लग्नाआधी दोघांचं कार्ड पाहा असं डॉक्टर सांगतात, आणि त्यात चूक काही नाही. आदेशच्या घरी पत्रिका पाहणं आजोबांनी छप्पन्न साली सोडलं ते कायमचं. पत्रिका गेली आणि कार्ड आलं, असं बापूजी, म्हणजे त्याचे वडील, कधीकधी म्हणत आणि मग हसत नसत.

“भाऊ, हे तुमाले कोनं देल्लं?” आदेशने विचारलं.

“कोनं देल्लं का, नेटवर हाय ना. आमच्या पावण्याच्या पोरीनं शोधून काढलं, पावण्यानं मले धाडलं. दोन वर्सं झाले असन.” भाऊ सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घासत होते. “लय कामाची चीज हाय. आदी पोट्टी पाहाले जाचं, पोहे खाचे, मंग कार्ड मागाचं, मंग तोंड पाडून वापस याचं. आता मी घरीच पाह्यतो. यादीत नाव असलं का त्या घरी जातच नाई. पोट्टीची बी चार लोकाईत शोभा होत नाई.”

“आन् त्याईले सांगता का, काऊन नाई येत म्हणून?”

“असं कोनी सांगत असते का बावा? पोराले अजून शिकाचं हाय म्हणाचं. नाईतर दिवाळीनंतर पाहू म्हणाचं. झाकली मूठ झाकली राहू द्याची.” भाऊंनी पन्नी उघडून चिमूटभर खर्रा गालात सारला. “आता थे कुरखेड्याची पोट्टी, वारलू बांबोळेची मयुरी. तुले तं मालूम हाय, तू बी पाह्यली होती तवा. शिकलेली, वाचनालयात नोकरीले हाय. तीन जागी जमता जमता राह्यलं. एका जागचं मी सोता थांबवलं. पण का करता, यादीत हाय.”

“भाऊ, हे जुनं हाय.”

“रक्त कई जुनं होते का?” भाऊ म्हणाले, आणि मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवून, आरमोरीची गाडी लागली म्हणून उठून गेले. अक्षरं मोठी करून दिल्याबद्दल त्यांनी आदेशच्या खांद्यावर एक थाप मारली. तो उठला नाही. चहावर साय धरली होती, तिच्याकडे बघत बसला. जुनं हाय एवढंच का बोललो आपण, असं त्याच्या मनात घोळत राहिलं. सांगायचं होतं ते वेगळंच होतं. ती पहिल्या चाचणीची यादी होती. गावात शिबिर लागतं तेव्हा बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी चाचणी होते, ती नुसता संशय सांगते. संशय आला त्यांना पुन्हा बोलावतात, मोठ्या यंत्रावर दुसरी चाचणी करतात आणि तिचा निकाल खरा धरतात. पहिल्या यादीतले कितीतरी लोक दुसऱ्या चाचणीत सुटतात. दुसऱ्या चाचणीची यादी वेगळ्या फोल्डरमध्ये होती, कुलूपबंद, पासवर्डच्या आड. जी खरी ती बंद आणि जी कच्ची ती उघडी, असा हा सगळा कारभार, आणि कारभारी तो स्वतः. दुसऱ्या यादीत मयुरी वारलू बांबोळे या नावापुढे ‘सामान्य’ लिहिलेलं होतं. हे त्याला माहीत होतं. पाच वर्षं माहीत होतं.

स्टँडपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता तो चालत गेला. सरकारी कचेऱ्यांच्या कॉम्प्लेक्सकडे वळणाऱ्या रिक्षा, झेरॉक्सची दुकानं, अर्ज घेऊन उभे असलेले लोक, सगळं रोजच्यासारखं होतं आणि त्याचंच त्याला वाईट वाटत होतं. इतकं मोठं काही घडलेलं असताना निदान एखाद्या माणसाने तरी आपल्याकडे वळून पाहावं असं वाटत होतं, आणि कोणी पाहिलं असतं तर जीव गेला असता, हेही होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पाच वर्षांपूर्वी तो, बापूजी आणि एक काका कुरखेड्याला मुलगी पाहायला गेले होते. घर स्वच्छ, अंगणात सारवण, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोच्या खाली पुस्तकांची फळी. पुस्तकं शोभेची नव्हती, त्यांच्या पाठी मोडलेल्या होत्या. मुलीने त्याला विचारलं होतं की तुम्ही संगणकाचं काम करता म्हणजे नेमकं काय करता. असं कोणी विचारत नसतं. त्याने सर्व्हर म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली आणि काकांनी खाकरून विषय बदलला, पण ती ऐकत होती, पुढे काय म्हणून थांबली होती. परतताना गाडीत बापूजी म्हणाले, “चांगली हाय.” आदेशला इतकं बरं वाटत होतं की ते बोलून उगाच उधळावंसं वाटेना. तो रविवार होता. शुक्रवारी शिबिरांचे कागद त्याच्या टेबलावर भरायला आले आणि ‘कुरखेडा दोन’ मध्ये सदतिसाव्या ओळीत तिचं नाव निघालं. वय सव्वीस. संशयित.

आदेश स्वतः वाहक होता. त्याचं कार्ड त्याच्या पाकिटात असे. त्यामुळे कोणी म्हणेल की त्याने केलं ते बरोबरच केलं, आणि त्यानेही स्वतःला हे हजारदा म्हणून पाहिलं होतं. पण नियम त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होता: तीन आठवडे थांबायचं, दुसरी चाचणी होऊ द्यायची, आणि ज्याचा निकाल त्याला आधी सांगायचा. तो तीन दिवस थांबला. त्याला भीती वाटली, दुसरं काही नाही. लहानपणी शेजारच्या घरातलं एक लेकरू पाय धरून ओरडायचं, ते ओरडणं त्याच्या कानात बसलेलं होतं. त्या शुक्रवारी संध्याकाळी ते पुन्हा ऐकू यायला लागलं आणि त्याने ठरवून टाकलं. सोमवारी तो एकटा कुरखेड्याला गेला आणि नाही म्हणून आला. बापूजी नको म्हणत होते, असं स्वतः जाऊन कोणी सांगत नसतं, निरोप धाडायचा असतो. तिथे आपण नेमकं काय बोललो ते आता आठवायला गेलं तर हाताला काही लागत नसे. बरं दिसेल असं काहीतरी बोलला असणार. निघताना चप्पल सापडत नव्हती आणि तिने ती दाराच्या आडून काढून दिली, एवढंच आठवे. तीन आठवड्यांनी दुसरी यादी आली. सामान्य. त्या दिवशी तो दुपारभर त्या एका शब्दाकडे बघत बसला. परत जाऊन काय सांगणार होता, तुमचं रक्त मी तुमच्या आधी वाचलं म्हणून? शब्द गेलेला होता. तिला तिचं कार्ड मिळालं असेलच, असा विचार करून त्याने फाइल बंद केली, आणि पुढे दोन वर्षांनी सोमाजीभाऊ सरिताचं स्थळ घेऊन आले तेव्हा दोन्ही कार्डं आधी ताटात ठेवून मगच पोहे खाल्ले गेले.

दवाखान्यात पोहोचल्यावर त्याने खोलीचं दार लोटून घेतलं आणि सर्व्हर उघडला. प्रत्येक फोल्डरमध्ये सेटिंगची एक छोटी फाइल असते, तिचं नाव टिंबाने सुरू होतं, आणि अशी नावं साध्या यादीत दिसत नाहीत. या फोल्डरमधली ती फाइल आठ ओळींची होती. पासवर्ड मागणाऱ्या तीन ओळींच्या आधी एकेक हॅशची खूण होती, म्हणजे त्या ओळी तिथे असूनही यंत्र त्या वाचत नव्हतं. फोल्डरची यादी दाखवण्याची जी परवानगी, तिच्या आधीचं मनाईचं उणे चिन्ह काढलेलं होतं. आणि सगळ्यांत वर, त्याच खुणेपुढे, त्याचेच शब्द: तात्पुरतं. गिरजाबाईंचं काम झालं की बंद करणे. गिरजाबाई म्हणजे कुरखेड्याच्या पलीकडे सहा गावं पायी फिरणारी मंडळाची कार्यकर्ती. दुसऱ्या चाचणीला कोणाकोणाला बोलवायचं हे तिला पहिल्या यादीतून कळत असे. तिच्या भागात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर येई, तेही दोन काड्या, आणि पासवर्डचं पान तिथे उघडता उघडत नसे. ती पाळीवर उभी राहून फोन करायची. “आदेशभाऊ, चाक फिरूनच राह्यलं जी. मी एक घंट्यापासून उभी हावो. लोकं वावरात निघून जातीन.” तिचा आवाज तुटत तुटत यायचा. मग एके दिवशी त्याने पासवर्ड काढला आणि यादी उघडी केली. साधं पांढरं पान, वजन नाही, पाळीवरही झटकन उघडलं. गिरजाबाई म्हणाली, “लय उपकार झाले जी.” त्या दिवशी त्याला खरोखर बरं वाटलं होतं. कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं, आणि का कोण जाणे, काहीतरी फिटल्यासारखं.

गिरजाबाईंचं काम आठ दिवसांत झालं. चार वर्षं होऊन गेली. विसरलो, असं तो मनाशी म्हणाला, आणि मन ऐकेना. मधे एकदा सर्व्हर बदलला तेव्हा हीच फाइल त्याने उघडली होती, वाचली होती, तशीच्या तशी नव्या जागी ठेवली होती. तात्पुरतं हा शब्द त्याने डोळ्यांनी पाहिला होता. मग हात का थांबला? आळस, म्हणावं तर आळस. की त्या फोल्डरमध्ये शिरलं की सदतिसावी ओळ आपल्याकडे बघते म्हणून पाय काढता घेतला? हे त्याला ठरवता येईना आणि ठरवायचीही भीती वाटली. कोण कधी फोल्डरपाशी येऊन गेलं याची नोंद सर्व्हर ठेवतो, ती त्याने काढली. पावसाळ्यात चिटपाखरू नाही. धान निघालं की वर्दळ सुरू. शनिवार, रविवार जास्त, सकाळी नऊ ते अकरा, म्हणजे घरून निघायच्या आधी. बघायला जाणारी माणसं धुतलेले कपडे घालून, गाडी दारात उभी करून, एकदा मोबाइलमध्ये पाहून घेत होती. वर्षागणिक ही वर्दळ वाढत गेली होती. उघडल्या जाणाऱ्या याद्या सावली, आरमोरी, वडसा, मूल, ब्रह्मपुरीच्या. दारातल्या किती गाड्या मग निघाल्याच नाहीत हे काही सर्व्हर लिहून ठेवत नाही. त्याने खुणा पुसल्या, उणे चिन्ह परत घातलं, फाइल जतन केली आणि आपल्या मोबाइलवर ते पान उघडून पाहिलं. परवानगी नाही, असं आलं. एवढं करायला मिनिटभरही लागलं नव्हतं. त्याला त्या मिनिटाचाच राग आला. आणि काय उपयोग, भाऊंच्या खिशात ती फाइल उतरवून घेतलेली होतीच, पाहुण्याच्या खिशात होती, पाहुण्याच्या पोरीच्या मैत्रिणींच्या होती. डॉक्टर मॅडमना त्याने जाऊन सांगितलं की एक जुनी सेटिंग चुकून राहिली होती, ती बंद केली. “बरं झालं तुमच्या लक्षात आलं,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा पेशंट आत आला.

घरी संध्याकाळी सरिता वालाच्या शेंगा निवडत बसली होती. तिच्यासमोर बसून त्यानेही शेंगा हातात घेतल्या आणि सांगितलं की असं असं झालं, फोल्डर उघडं राहिलं, कच्ची यादी लोकांच्या हाती गेली, एका पोरीची लग्नं मोडली. यादी पाहून पहिलं मोडणारा कोण, ते सांगितलं नाही. सरिता सावलीची, बोलायला सरळ. “मंग तिले जाऊन सांगा ना,” ती म्हणाली. “लोकाईले तुमी का समजवान? पन तिच्या हाती कागद द्या का यादी कच्ची होती आन् चूक आमची होती. दाखवीन बिचारी ज्याले दाखवाची त्याले.” मग जरा थांबून, “नोकरीवर येईन का?” “येऊ शकते,” तो म्हणाला. सरिताने शेंगा परातीत ओतल्या. तिच्याकडे बघता बघता त्याला वाटलं, आपण हिला पसंत केलं की हिच्या कार्डाला, आणि हे विचारायचा हक्क तरी आपल्याला उरला आहे का. चांगली बाई होती. तीन वर्षांत तिने त्याला एकदाही टोचून बोललेलं नव्हतं. त्यामुळेच तिच्यासमोर बसवेना.

बुधवारी रजा टाकून तो कुरखेड्याच्या गाडीत बसला. पिशवीत मंडळाच्या कागदावर छापलेलं पत्र होतं: अमुक यादी पहिल्या, अपुऱ्या चाचणीची होती, ती सर्व्हरवर माझ्या चुकीमुळे उघडी राहिली, मयुरी वारलू बांबोळे यांचा दुसऱ्या चाचणीचा निकाल सामान्य आहे. खाली नाव होतं, सही अजून केलेली नव्हती. आरमोरीपर्यंत त्याने मनाशी दोन वाक्यं तयार केली. पहिलं, फोल्डर मी उघडं ठेवलं. दुसरं, तुम्हाला नाही म्हटलं तेही मी ती यादी पाहूनच. पहिलं वाक्य जड होतं, पण उचलता येत होतं. दुसरं ओठापर्यंत आलं की खिडकीबाहेर काहीतरी बघण्यासारखं निघे. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झाल्या होत्या, रचलेल्या भाऱ्यांचे पुंजणे उभे होते, मधेच साग लागे आणि गाडीत एकदम अंधारून येई. एका म्हातारीने त्याला विचारलं, “कोनाच्या घरी जाता जी?” “बांबोळेच्या,” तो म्हणाला. “सोयरिकीचं हाय का?” त्याने नाही म्हणून मान हलवली, तर म्हातारी आपणहून म्हणाली, “पोट्टी चांगली हाय. पन रक्तात हाय म्हणतात.” आणि तिने मान वळवली. तिच्याकडे मोबाइलही नसावा. आदेशला वाटलं इथेच उतरावं, उलट गाडीने घरी जावं. पण तो उतरला नाही. दुसरं वाक्यही बोलायचंच, असं त्याने त्या म्हातारीच्या पाठीकडे बघत ठरवलं. तिला कळलं पाहिजे की हे कुठून सुरू झालं. निदान एका माणसाने तिला काऊन ते सांगितलं पाहिजे.

वाचनालय बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी मान खाली घालून बसली होती. बाहेरच्या खोलीत मयुरी पुस्तकांच्या पाठींना कागद चिकटवत होती. चष्मा लागला होता. बाकी तशीच. तिने त्याला ओळखायला क्षणभर घेतला आणि मग, “बसा जी,” म्हणून बाक पुसला. त्याने पहिलं वाक्य बोलून टाकलं. सगळं, गिरजाबाईपासून भाऊंच्या मोबाइलपर्यंत, खाली बघत, न थांबता. तिचा हात पुस्तकावर तसाच दाबलेला होता, गोंद वाळेपर्यंत.

“यादी हाय ते मले मालूम होतं,” ती म्हणाली. “तीनही जागी मी माह्यं कार्ड दाखवलं. दुसऱ्या चाचणीचं, शिक्क्याचं. एका घरचे म्हणाले, कार्ड तुमच्या एकटीपाशी हाय, यादी सगळ्याईपाशी हाय. मी का करू मंग? गडचिरोलीले बी आली होती एकडाव, तुमच्या दवाखान्यात. गेटवरूनच वापस गेली. म्हटलं, इथी कोनाले विचाराचं, का माह्यं नाव काऊन लिवलं?” तिच्या आवाजात रडं नव्हतं. खूप दिवस वापरून गुळगुळीत झालेलं काहीतरी होतं. “आई तवापासून कोनाच्या लग्नाले जात नाई.”

आदेशने पिशवीतून पत्र काढलं. तिने ते दोनदा वाचलं, चष्मा काढून, पुन्हा लावून. “यावर सही नाई तुमची,” ती म्हणाली. त्याने खिशातून पेन काढलं आणि सही केली. उद्या मंडळात हा कागद कोणी नेऊन दाखवला की आपलं तिथलं काम संपलं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी छातीवरचं काही हललं नाही. कारण ते हलणार होतं दुसऱ्या वाक्याने. त्याने पेन मिटलं.

“मयुरीताई, आणखी एक सांगाचं होतं.”

“मले बी तुमाले एक सांगाचं होतं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच जराशी हसली. “आदी मी सांगतो. आमच्या घरी सगळे म्हणत, त्या आदेशनं बी यादी पाहूनच मोडलं असन, त्याच्याच हाताखाली होती ना. एवढे वर्सं मी घरच्याईसंगं भांडून राह्यली. म्हटलं, नाई. तो मानूस सोता आला होता. बाकीच्याईनं निरोप धाडले, कोनी शिक्षणाचं सांगतलं, कोनी दिवाळीचं. तुमी माह्या दारात उभं राहून सांगतलं, का माह्या मनात दुसरी पोरगी हाय, तुमच्यासंगं लगन केलं तं तुमाले फसवल्यासारखं होईन. त्या दिवशी मले वाईट वाटलं होतं. पन नंतर, हे सगळं होऊन राह्यलं ना, तवा तेवढंच धरून राह्यली मी. का एक तरी मानूस भेटला, ज्यानं मले खरं कारण सांगतलं. ज्यानं माह्यं रक्त नाई पाह्यलं.”

आतल्या खोलीत कोणीतरी पान उलटलं. पंखा फिरत होता. आदेशच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, सात-आठ शब्दांचं, आणि त्याला समजत होतं की ते बोललो तर हिच्याजवळ काहीच उरणार नाही, आणि न बोललो तर हिचं जे उरेल ते सगळं खोटं असेल. हिच्यासाठीच गप्प बसतो आहोत असं त्याने म्हणून पाहिलं. ते खरं नव्हतं, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. तिच्या चष्म्यातून ती त्याच्याकडे पाहत होती, पाच वर्षांपूर्वी पाहत होती तशी, पुढे काय म्हणून थांबलेली. त्या नजरेत आपण चांगले आहोत, आणि जगात अशी नजर आपल्याकडे दुसऱ्या कोणाची नाही, आणि ती सोडायची आपल्यात धमक नाही. पेन त्याने खिशात ठेवलं.

“त्याच पोरीसंगं झालं ना मंग लगन तुमचं?” मयुरीने विचारलं.

“हो,” आदेश म्हणाला. “सरिता नाव हाय तिचं.”